आरसाकाकांची जमीन

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून सोडून देता, म्हणून लिहायला बसले. दादा-वहिनीकडे करमतंय ना? पाठ कशी आहे?

इकडे खाणीचा जुना खड्डा दगडमातीनं भरून झाला. त्यावर पसरायला वरची माती काढली. तीच, जी कोळशाला हात लावण्याआधी तुम्ही डोझरनं अलगद सोलून बाजूला ठेवली होती. ढिगावर गवत पेरून इतकी वर्षं आम्ही ती जिवंत ठेवली. तेवढीच आहे, दुसरी मिळायची नाही. मॅनेजरसाहेबांनी आधी एकाच तुकड्यावर पसरू दिली. तिथे गवत धरलं तर सगळा खड्डा हिरवा करायचा. नाही तर ढीग बांधाच्या भरावात जाणार आणि खड्ड्यावर यंत्रं उभी करायला खडीचं मैदान होणार.

आता घोटाळा ऐका. मी मुख्य कचेरीत गेले होते. तेवढ्यात आरसाकाकांनी, तुमच्या लाडक्या शिष्यानं, निवृत्तीआधी मला भेट म्हणून तो तुकडा डोझर मागेपुढे फिरवून गुळगुळीत करून ठेवला. दिसायला देखणा! पण एका सरीत वर तळं साचलं आणि तपासायला खुपसलेली सळई वीतभरसुद्धा आत जाईना. तिथे मुळं कशी जाणार? सगळं उखडून मोकळं करावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच डोझरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. डोझरमागचे माती उकरायचे लोखंडी दात त्यांच्याइतक्या हलक्या हातानं इथे कुणी चालवत नाही. तुम्ही त्यांना समजवा ना.

तुमची माया आहेच, तिच्यात माझ्या हट्टालाही जागा असू द्या.

आपली,
ठकी


ता. १२ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पाठ बरी आहे. वहिनी तुझी मला खुर्चीतून उठू देत नाही.

बाई गं, आरशाच्या कामाला तू नावं ठेवलीस? आरसा हे नाव त्याला मी दिलं. उंचसखल जमीन म्हणजे ड्रायव्हरच्या नावाला बट्टा, हेही मीच शिकवलं. त्यानं जीव ओतून काम केलं आणि तू ते उखडायला सांगतेस! थोडं नमतं घे. गवताचं काय, ते कुठेही उगवतं. फुटपाथच्या फटीत उगवलेलं मी रोज बघतो.

रागावू नकोस, जेवत जा.

तुझा,
बाबा


ता. १९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आरसाकाकांपुढे हवं तितकं नमतं घेईन, पाया पडेन. जमिनीच्या बाबतीत नाही. गवत फटीत उगवतं असं तुम्हीच लिहिलंत, फरशीवर नाही. मला त्या फटीच हव्या आहेत. विश्वास नसेल तर दोन कुंड्या घ्या. एकीत माती मुठीनं ठोकून बसवा, दुसरीत मोकळी सोडा. दोन्हींत मोहरी पेरा आणि मग मला बोल लावा.

मी रोज सकाळी तुकड्यावरची माती तळहातावर वळून बघते. दोरी वळली तर अजून ओली, यंत्र घालायचं नाही. भुगा झाला की घालायचं. आता ती सुकत आली आहे, मला फार थांबता येणार नाही. काका आले नाहीत तर दुसरा ड्रायव्हर घेईन, पण मला तेच हवेत.

बाबा, खाणीत गेलेल्या आपल्या क्वार्टरच्या अंगणातली मातीही त्याच ढिगात आहे. आईची फुलझाडं होती तिच्यात. ती भरावाखाली गाडलेली मला सहन होणार नाही.

आशीर्वाद द्या, उपदेश नंतर.

आपली,
ठकी


ता. ५ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

ठोकलेल्या कुंडीत पाणी वरच राहिलं. चार काड्या आल्या, त्याही आडव्या झाल्या. दुसरीत नुसतं रान माजलंय. हरलो. हे म्हणायला मला आवडत नाही, म्हणून एकदाच लिहितो.

आरशाला पत्र टाकलंय. समजावलं वगैरे नाही. सपाट कुणीही करेल, पण दात खोल घालून सगळीकडे सारखी खडबडीत ठेवायला हात लागतो, तुला ते जमेलसं वाटत नाही, एवढंच लिहिलं. आता बघ कसा धावत येतो.

तुझ्या आईच्या अंगणाबद्दल वाचल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माघार घेऊ नकोस.

तुझा,
बाबा


ता. ६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी काका आले. टेबलावरची किल्ली उचलली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, दात किती खोल घालायचे. मातीचा भुगा होत होता. त्यांनी स्वतःचं सगळं देखणं काम फाडून काढलं. उतरले तेव्हा डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. मीही धूळच समजले. मग गवताचं बी टाकलं आणि रोज पाणी मारलं.

काल मॅनेजरसाहेब तपासणीला आले. गवत घोट्याच्या वर गेलंय, सळई हातभर आत गेली. पण चालताना साहेब एका ढेकळाला ठेचकाळले आणि चिडून म्हणाले की एवढी ओबडधोबड जमीन केली कुणी. मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. म्हणाले, मी केली, आणि कुणी इथे सपाटी करायला आलं तर माझ्याशी गाठ आहे. साहेबांनी एकदा त्या सळईकडे बघितलं. मग सगळ्या खड्ड्यावर पसरायला उरलेला ढीग आमच्या हवाली केला.

तुम्ही आता याच. फक्त कडेकडेनं चाला. मध्ये पाय टाकलात तर काका तुम्हालाही सोडायचे नाहीत.

वाट बघते, माया अशीच राहू द्या.

आपली,
ठकी