एकशे चौदा ओट्या

१५ नोव्हेंबर, सकाळी

नागपूरच्या बोर्डिंगमध्ये रविवारी न्हाणं झालं की शुभांगी आणि मी गच्चीवर केस वाळवत बसायचो. एक पेरू दोघींत. एकदा पेरू खाता खाता ती म्हणाली होती, तू बोलायला लागलीस की सगळ्या गप्प होतात. चव्वेचाळीस वर्षं झाली. आज पवनी नगरपरिषदेचा अर्ज भरताना ते आठवलं. नेतृत्वगुण आधी मैत्रिणींच्याच लक्षात येतात.

पक्ष: विदर्भ सौजन्य पक्ष. प्रदेशाध्यक्ष दादाजी, निवृत्त पोस्टमास्तर. जिल्हाध्यक्षही तेच. पक्ष लहान आहे म्हणूनच स्वच्छ आहे. धोरण एकच, पुढाऱ्यांनी नीट बोलावं आणि लोकांनीही. ह्यांना सांगितलं. ते धानाच्या गडबडीत होते. बरं म्हणाले. घरचा पाठिंबा मिळाला.

२० नोव्हेंबर

प्रचार सुरू. सोबत ताराबाई. नदीकाठच्या ढीवर मोहल्ल्यातली, तीस वर्षं आमच्याकडे मासे आणून देते. आज अठरा घरं. प्रत्येक घरी खुर्ची पुसून दिली, चहा कपबशीत, आणि निघताना ओटी: तांदूळ, सुपारी, हळकुंड. एका घरी ब्लाउजपीससुद्धा. डोळे भरून आले. ओटी भरणं म्हणजे शब्दच दिला. एका ओटीमागे तीन मतं धरते. कमीच धरते आहे.

निश्चय: रोज वीस घरं.

२१ नोव्हेंबर

सहा घरं. गुडघा.

२४ नोव्हेंबर

सध्याचे नगरसेवक बाबुलाल. तीन टर्म. लोकमत त्यांच्याविषयी फारच वाईट. एक म्हातारी म्हणाली, पाच वरसं झाली, मेल्यानं तोंड नाही दाखवलं. तिचा मुलगा म्हणाला, दाखल्यासाठी तीन चकरा मारायले लावल्या त्यानं. पुढचे शब्द लिहिण्यासारखे नाहीत. तेवढ्यात बाबुलाल स्वतःच समोरून आले. म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि शिव्या देत बंद बोअरिंग दाखवायला घेऊन गेली. ते हसत होते. वाईट वाटलं. पडल्यावर त्यांना सल्लागार म्हणून घेईन.

माझ्याबद्दल कोणीच वाईट बोलत नाही. तसं कोणी काहीच बोलत नाही. त्यालाच आदर म्हणतात.

२७ नोव्हेंबर

चिन्ह मिळालं, इस्त्री. दादाजी फोनवर खूश. नीटनेटकेपणाचं प्रतीक म्हणाले. ताराबाईनं विचारलं, मोहल्ल्यात कोनाच्या घरी इस्त्री हाये काय मॅडम? आमी तं लोट्यात निखारे टाकून फिरवतो. तिला प्रतीक म्हणजे काय ते समजावलं.

२ डिसेंबर, संध्याकाळी

मतदान झालं. एकूण ओट्या एकशे चौदा. तिनानं गुणून तीनशे बेचाळीस. मागच्या वेळी बाबुलाल तीनशे दहावर आले होते. रांगेत सगळ्यांनी नमस्कार केला, बाजूला सरून मला पुढे जाऊ दिलं. असं स्वागत त्यांचं झालं नाही. त्यांना एकानं धक्का मारून मागे उभं केलं.

३ डिसेंबर

कोर्टानं मोजणी पुढे ढकलली, निकाल आता एकवीस तारखेला. बरंच झालं. भाषणाला वेळ मिळेल.

१० डिसेंबर

भाषण अर्धं झालं. पहिला ठराव: नगरपरिषदेत कोणी कोणाला ‘तू’ म्हणायचं नाही. दादाजींनी विधानसभेचा विषय काढला. नको म्हटलं. मग विचार करते म्हटलं.

२१ डिसेंबर, दुपारी दोन

बाबुलाल तीनशे एक्याण्णव. नोटा सव्वीस. मी नऊ.

त्याच दिवशी, पाच वाजता

दादाजी म्हणाले, मशीनवर शंका आहे. मीही म्हणाले. ह्यांनी चहा करून दिला. मत कुठे दिलं विचारलं, तर म्हणाले, त्या दिवशी खरेदी केंद्रावर धानाचा नंबर लागला होता, जाणंच झालं नाही.

मग ताराबाई आली. तिला विचारलं, एकशे चौदा ओट्या गेल्या कुठे? ती उंबऱ्यातच बसली. म्हणाली, ओटी तं लेकीची भरतेत मॅडम. लेक आली, बसली, ओटी भरली, वापस धाडली. लेकीले कोनी कारभार देते काय? बाबुलालले जेवता जेवता उठवता येते, शिवी हासडता येते, म्हून तो येते. तुमाले शिवी कोन देईन? माही तं जीभच नाही वळे.

तिचं स्वतःचं मत विचारणार होते. ती म्हणाली, आज मासे किती ठेवू?

२२ डिसेंबर

आवराआवर. कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते.

पक्षाचे दुपट्टे दादाजींना परत. त्यांना विधानसभेला लागतील. माझे दोन मोठे फ्लेक्स ह्यांना, धानाच्या पोत्यांवर झाकायला. चेहरा खालच्या बाजूला. ओटीचे तांदूळ सगळे ताराबाईला, ब्लाउजपीसही तिलाच. हळकुंडं मी ठेवते. नऊ मतदारांना आभाराचं पत्र. कोण ते कळायला मार्ग नाही, म्हणून एकशे चौदा घरी पाठवावं.

बाबुलाल यांना अभिनंदनाचं कार्ड पाठवू नये. आमच्या दारातली नाली महिनाभर तुंबली आहे, तेवढं मी स्वतः जाऊन सांगेन. शब्द ताराबाईकडून पाठ करून घ्यायचे. सुरुवातीला ‘कृपया’ म्हणायचं नाही.