कुमुदचं मलम

कोल्हापूर, १२ मार्च १९७९

डॉक्टरसाहेब,

नमस्कार मुद्दामच लिहीत नाही. माझ्या कुमुदला ऑटिझम आहे, हे पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र मी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही ते उघडलंही नाहीत. एकोणीस वर्षांची पोर तुमचा हात लागताच किंचाळली, तर "वेडीला इथं कशाला आणता?" म्हणालात. दोघांना तिचे हात धरायला लावलेत आणि खाजेच्या चट्ट्यांवर मलम फासलंत. एवढीच तुमची विद्या!

आमच्याकडे दूध घालणारी बनाबाई शाळेची पायरी चढलेली नाही. ती म्हणाली, "हळू हात लागला की पोरीला चावल्यागत हुतंय. तिचं तिला लावू द्या की!" तिनं आधी स्वतःच्या हाताला मलम चोळून दाखवलं. कुमुदनं बघितलं, डबी ओढून घेतली आणि तळवा घट्ट दाबून स्वतःच लावलं. महिन्याभरात चट्टे गेले.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही एकच विचाराल, "त्या दिवशी तिचे पाय कोणी धरले होते, बाई?"

मीच धरले होते. तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं.

कुमुदची आई,
इंदुमती