टाके सरळ, ठोके वाकडे

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून उभ्याउभ्याच घातलाय, गोड मानून घे.) मोतीबिंदूनंतर तुला सगळं लख्ख दिसतंय हे वाचून बरं वाटलं. तरी अक्षर मोठं काढतो.

इकडची बातमी अशी, की चाळीस वर्षं लोकांच्या छातीचं माप घेणारा तुझा भाऊ आता छातीच्या आतलंही माप घेतो. दुकानासमोर प्रयोगशाळा आहे. तिथल्या इंजिनीअर बाईंनी माझ्याकडून एक जाकीट शिवून घेतलं. अस्तरात चांदीचा धागा. ते नुसतं अंगात घालायचं, की हृदयाचे ठोके पडद्यावर रेघ होऊन धावतात. ना सुई, ना चिरफाड. पहिल्यांदा मीच घालून बसलो. (शिंप्याने आपलं काम आधी आपल्या अंगावर बघावं.) रेघ थोडा वेळ शहाण्यासारखी चालली आणि मग मध्येच ठेचकाळायला लागली. बाई म्हणाल्या, "मास्तर, शिलाईत कुठेतरी गडबड आहे."

माझ्या शिलाईत, ताई! मी उसवलं, पुन्हा शिवलं. रेघ तशीच. तिसऱ्यांदा हाताने बारीक टाके घातले. जावयाच्या कोटालाही इतके घातले नव्हते. तरी तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. जाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणालो, "आता तुम्हीच घाला!" त्या आत जाऊन घालून आल्या. रेघ अशी एकसारखी, जशी मशीनची टीप! मी टाळीच वाजवली. "बघा, शिलाईत खोट नाही!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरचं बोट उचलून माझ्या छातीकडे वळवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच दुपारी त्यांनी मला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ठोके चुकतात, पण वेळेवर सापडलं, गोळ्यांवर भागेल म्हणाले. बाईंनी माझ्या शिलाईची माफी मागितली. (डॉक्टरांदेखत, हे महत्त्वाचं.) अजिबात घाबरलो नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं? आपले नाना पेपर वाचता वाचता गेले, ते आठवलं.

तुझा (शक्यतो) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : खरं काम हे, की तुझ्या भावजयीला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. ती घर डोक्यावर घेईल. तू मोठी आहेस, तूच ये आणि तिला हळूहळू सांग.

दुसरा ता. क. (अक्षर माझं, तुमच्या भावजयीचं) : वन्सं, या घरात पाकिटं मीच चिकटवते, हे यांच्या लक्षात राहिलं नाही. गोळ्या बटणांच्या डबीत लपवल्यात; आठ दिवस मी रोज मोजतेय, एकही चुकलेली नाही. तेव्हा मला समजवायला येऊ नका. पण याच. तुम्हाला जिना चढताना धाप लागते ना, म्हणून यांनी तुमच्या मापाचं जाकीट परवाच बेतून ठेवलंय. सरळ विचारायचा धीर होईना, म्हणून माझं नाव पुढे केलं.