दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द

बुध., १४ जाने. २००४, ॲन आर्बर
सरांना पाणी हवं होतं. म्हणाले, "घड्याळ." मी भिंतीवरचं घड्याळ काढून दिलं तर डोळे मिटून घेतले. काकूंनी ग्लास पुढे केला तेव्हा उघडले. सप्टेंबरातल्या स्ट्रोकनंतर हे असंच. चालतात, हसतात, शब्द मात्र भलतेच येतात. पस्तीस वर्षं लॅटिन शिकवलेला माणूस. ऑगस्टमध्ये मी वरची भाड्याची खोली बघायला आले तर दारातच म्हणाले होते, तुमचा अग्नी तो आमचा इग्निस, म्हणजे तू घरचीच.
(त्यांच्या बायकोला तोंडावर एलन म्हणते. इथे काकू. आईला कळलं तर...)

सोम., १९ जाने.
सुट्टी. काकूंचे डोळे दुखत होते, म्हणून सरांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तपकिरी पुस्तक. जुन्या लॅटिन कवितेचं अठराव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर, करणारा कुठल्याशा खेड्यातला पाद्री. शेतं, वेली, मधमाश्या, गुरं. सगळं दोन-दोन ओळींत, दोन्हींच्या शेवटी यमक. निम्मं कळत नव्हतं, पण झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटत होतं. बाहेर बर्फाचा निळसर उजेड. एक ओळ 'स्ट्रीम'वर संपली. दुसरी संपता संपता मला ठसका लागला. पाणी पीत होते तेवढ्यात सर म्हणाले, "ड्रीम."
अगदी स्वच्छ. पान पाहिलं. ड्रीमच.
काकू पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या. "पुन्हा वाच," म्हणाल्या.

मंगळ., २७ जाने.
आता रोज चारला. लॅबमधून बस पकडून येते. दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द गाळायचा आणि थांबायचं. बहुतेक सगळे येतात त्यांना, तेही वर्गातल्या आवाजात. पुस्तक मिटलं की पाणी परत घड्याळ. लॅबमध्ये वाळूच्या फिल्टरमधून पाणी थेंबथेंब पडतं, मी त्या ठेक्यावर पाद्र्याच्या ओळी म्हणते. काल एक रीडिंग लिहायचं राहिलं. पहाटे स्वप्नात कराडचा ऊस, आणि उसातून काळ्या झग्यातला पाद्री चाललाय, मागे मधमाश्या. भीती नाही वाटली.

रवि., ८ फेब्रु.
समीर जेवायला. (लॅबमधला, पुण्याचा.) त्याला सगळं सांगितलं.
"अगं, रट्टा आहे तो, यार. तुला चौथीतली कविता अजून येते ना? म्हणून तू त्यातून काही बोलतेस का?"
राग आला. तो गेल्यावर चौथीतली कविता म्हणून पाहिली. पूर्ण आली. म्हणताना डोक्यात लाँड्रीचा विचार चालू होता. राग अजून आहे, पण कोणावर...

शनि., २१ फेब्रु.
ॲरिझोनाहून सरांच्या मुलीचा, लिझचा फोन. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी जागा बघितली आहे. नर्स कायम, ऊन भरपूर. हे घर मेमध्ये विकायचं. कागद आलेत, काकूंची सही तेवढी बाकी. काकू दमल्यात. काल सरांना टबमधून उठवताना पाठ धरली. तरी म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी त्याला न विचारता सोफासुद्धा हलवला नाही. आता विचारू कसं?"
काकूंनी विचारलं होतं एकदा. सर म्हणाले, "बुधवार." मग, "चमचा." मग रडले.

रवि., २९ फेब्रु.
बसमध्ये सुचलं. पाद्र्याच्या ओळी पाठ असतील. माझ्या कशा असतील? दोन ओळी इंग्रजीत रचल्या. पहिली 'स्नो'वर संपते, दुसरीत 'येत्या वसंतात तू आणि एलन', आणि पुढे जागा रिकामी.
काकू बराच वेळ कागद बघत राहिल्या. "स्नो म्हटल्यावर तो गो म्हणणार. यमकच त्याला ओढून नेईल. पहिली ओळ 'डे'वर संपवलीस तर 'स्टे' म्हणेल. मग ते त्याचं उत्तर कसं?"
खरं आहे. कागद फाडणार होते. घडी करून ठेवला.

रवि., ७ मार्च
काकूच म्हणाल्या, वाच. "गो म्हणाला तर मी ते उत्तर धरणार नाही. पण त्याला विचारलं तरी जाईल."
पाद्र्याची चार पानं झाली, मग त्याच आवाजात माझ्या दोन ओळी. सफरचंदाच्या झाडाखाली अजून बर्फ आहे, येत्या वसंतात तू आणि एलन... थांबले.
एरवी लगेच बोलतात. आज नाही. माझ्याकडे बघितलं. ओळ पुस्तकातली नाही हे त्यांना कळलं, एवढं शपथेवर सांगेन. मग काकूंकडे बघितलं. हीटर बंद झाला, परत चालू झाला. मग म्हणाले, "नो."
काकू हळूच, "नो? नाही?"
यमक जुळतं. जाणार नाही, असा अर्थही लागतो. पण इंग्रजीत कळण्यालासुद्धा नोच म्हणतात, आणि माझी ओळ 'विल'वर थांबलेली, पुढे क्रियापदच हवं. वसंतात तुम्हा दोघांना कळेल. व्याकरणात तेच बसतं. सरांनी जन्मभर पोरांच्या व्याकरणाला लाल पेन लावलेलं.
"कुठलं, सर?" मी विचारलं. त्यांनी बोटाने पुस्तकावर टकटक केलं. पुढे वाच.
वाचलं.

शनि., १३ मार्च
काकू सकाळी 'नाही' धरून बसतात, दुपारी 'कळेल'. आज फोनवर ऐकलं. "तो नाही म्हणाला की आणखी काही, मला माहीत नाही. त्याने ओळ पूर्ण केली, लिझ."
सही केलेली नाही. कागद परतही पाठवलेले नाहीत. समीरला यातलं काही सांगितलं नाही.
छपरावरचं बर्फ गळायला लागलंय. चारला सर खिडकीशी होते, मी शेजारी जाऊन बसले. पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी एक ओळ म्हटली. इंग्रजी नव्हे, लॅटिन असावी. सावकाश, डोलत. शेवटच्या शब्दाआधी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.
मला शब्द येत नव्हता. ते थांबले होते, घाई नव्हती त्यांना.