ओ निगेटिव्हची यादी

भिंगार,
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

प्रिय आप्पा,

सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट परवा मिळालं. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे भागिरथीचे गुडघे तिच्या ताब्यात नाहीत आणि मी भागिरथीच्या, एवढं सोडलं तर. ऑफिसात नवे साहेब आलेत. सही करण्याआधी ते फाइल नाकाजवळ नेऊन हुंगतात. कशाचा वास शोधतात ते अजून कुणाला विचारता आलेलं नाही. श्रीरामपूरची शाळा तुला मानवलेली दिसते. पत्रातल्या वेलांट्या पुन्हा हेडमास्तरासारख्या ताठ झाल्यात. बरं वाटलं.

पत्रिकेचा कच्चा मसुदा वाचला. ४ नोव्हेंबर, माधुरीवहिनींचा पहिला स्मृतिदिन, शाळेच्या पटांगणात रक्तदान शिबिर, आणि त्यात 'गेली चौदा वर्षे रक्तदात्यांची यादी जिवापाड जपणाऱ्या' माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

माझं नाव काढ. छापायला गेली असेल पत्रिका, तर छापखान्यात माणूस पाठव. हा विनय नाही. विनय माझ्या अंगाला कधी लागला नाही, हे नगरात कुणालाही विचार. मला ती शाल घेता येणार नाही, आणि का घेता येणार नाही ते तुला कळल्यावर तूही देणार नाहीस. ते लिहायलाच बसलोय. हा चौथा कागद. पहिल्या तिन्हींवर मी नव्या साहेबांचंच वर्णन करत बसलो होतो.

यादीपासून सुरुवात करतो. पहिली यादी वहीत होती, तुला माहीतच आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. गटाप्रमाणे पानं, दात्याचं नाव, गाव, आणि फोन असेल तर फोन. नसेल तर शेजारच्या किराणावाल्याचा पी. पी. नंबर. पेशंटचे नातेवाईक यायचे, आधी रडायचे आणि मग हळूच विचारायचे, देणारा कुणापैकी आहे. मी सांगायचो, ओ निगेटिव्ह जातीचा. मग बाटली घ्यायचे आणि जायचे. त्या वहीवर मी जेवढा खूश होतो तेवढा पेपरातल्या माझ्या सदरावरही नव्हतो.

मग तू ती डिजिटल डायरी दिलीस. गेल्या वर्षी, मे महिन्यात. तुझ्या मेहुण्याने दुबईहून आणलेली, तळहाताएवढी, चष्म्याच्या घरासारखी उघडणारी. पाचशे नंबर पोटात. इंग्रजी जी दाबलं की गोजरबाईपासून गोरक्षपर्यंत सगळे हजर. एमआयडीसीतले साहेब कमरेला पेजर लावून हिंडत होते, पण कँटोन्मेंटच्या अख्ख्या सिव्हिलियन स्टाफमध्ये डायरी माझ्या एकट्याच्या खिशात. लोक स्वतःचा नंबर माहीत असतानाही मला विचारायचे, तो आकडा काचेवर उमटलेला बघायला. मी जन्मभर अशा लोकांना हसलो आणि पंधरा दिवसांत त्यांच्यातला एक झालो. चहाची ऑर्डरसुद्धा तिच्यात टिपायचो.

वहीचं काय केलं ते तुझ्यासमोरच घडलं. एकशे बेचाळीस नावं डायरीत चढवून झाल्यावर आपण तिघं भेळ खायला गेलो होतो आणि मी ती वही भेळवाल्याला पुड्या बांधायला देऊन टाकली. ए पॉझिटिव्हवर कांदा टाक रे, असं काहीतरी म्हणालो. तू ठसका लागेपर्यंत हसलास. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वही राहू द्या, भावजी. तिला काही खायला घालावं लागत नाही." मला वाटलं, बायकांना जुन्या वस्तू टाकवत नाहीत.

आता पुढचं तुला माहीत नाही.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात सगळी यंत्रं पुसून पूजेला मांडतात. टाइपरायटर, स्टेपलर, भोकं पाडायचं मशीन, साहेबांची बेल, सगळ्यांना झेंडूचं फूल. मी पूजेला हात लावत नाही, पण सफाईत सगळ्यांच्या पुढे असतो, कारण तेवढा वेळ टेबलावर बसून टिंगल करता येते. गेल्या वर्षी दहा ऑक्टोबरला मच्छिंद्र शिपाई म्हणाला, सर, तुमच्या डायरीला पण अंघोळ घाला की. सगळे बघत होते. मी स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं, दोन मोठे सेल काढले, एक बारका होता तोही काढला, तिन्ही ओळीने रुमालावर मांडले आणि स्पिरिटच्या बोळ्याने आतून स्वच्छ पुसलं. एखाद्या सर्जनसारखं तोंडाने एकेक पायरी सांगत. तो बारका सेल यंत्राची आठवण जिवंत ठेवण्यासाठी असतो, आणि मोठे काढले असताना त्याला हात लावायचा नसतो, हे त्यांच्या पुस्तिकेत तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ती पुस्तिका मी त्यानंतर वाचली.

सेल परत घातले. काच उजळली. आत काही नव्हतं. एकशे बेचाळीस माणसं गेली होती.

मच्छिंद्रने विचारलं, झाली का स्वच्छ. मी म्हणालो, एकदम. त्याने तिच्यावर झेंडू ठेवला.

तिथेच सांगायचं होतं. ऑफिस चार दिवस हसलं असतं. रक्तपेढीत जाऊन जुनी रजिस्टरं चाळली असती, शिबिरं घेणाऱ्या पोरांना भेटलो असतो, तर दोन आठवड्यांत निम्मी यादी उभी राहिली असती. पण वही पुड्यांना देणारा मीच, आणि त्याचा किस्सा गावभर सांगितलेलाही मीच. मी ठरवलं, दिवाळी झाली की गुपचूप नवीन यादी करू, कुणाला कळायचं नाही. मधल्या काळात मी सदर लिहिलं. विषय काय असेल? पेजरवाले. कमरेला यंत्र आणि डोक्यात काही नाही, असं लिहिलं. तू श्रीरामपूरच्या बदलीच्या गडबडीत असूनही मुद्दाम फोन करून शाबासकी दिलीस. माझ्या खिशात तेव्हा ती रिकामी पेटी होती.

पंचवीस दिवस. मी पंचवीस दिवस ती खिशात मिरवली, आप्पा. कुणी नंबर विचारला तर उघडून, दोन बटणं दाबून, पाठ असेल तो सांगायचो आणि नसेल तर म्हणायचो, हा माणूस आता नगरात नसतो.

मग चार नोव्हेंबर उजाडला.

सकाळी दहाला वहिनींचं ऑपरेशन सुरू झालं, अकराला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह लागेल, रक्तपेढीत एकच बाटली आहे. तुझा भाऊ गाडी घेऊन पुण्याला सुटला. स्नेहलने बाही वर केली. तिचा गट आईचाच, पण सोळा वर्षांच्या मुलीचं घेत नाहीत म्हणून नर्सने तिला बाकावर बसवलं. आणि तू माझ्याकडे वळलास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा भीतीसुद्धा नव्हती. तुझा मित्र खिशात पाचशे नंबर घेऊन उभा होता.

मी डायरी काढली. उघडली. बटणं दाबली.

तीन ओ निगेटिव्ह होते, ते माझ्या डोक्यात होते. एक हवालदार, त्याची बदली जबलपूरला. एक कॉलेजातले सर; त्यांच्या घरी मी धावत जाऊन आलो, कुलूप होतं, दिवाळीला गावी गेलेले. तिसरा शिंगणापूरचा. तेल, रुईच्या माळा आणि काळं कापड विकायचं दुकान, ठेंगणा माणूस, शिबिरात सुई टोचताना मोठ्याने हसलेला. नाव आठवेना. नंबर शेजारच्या दुकानाचा होता, तो तर नाहीच.

पावणेबारा वाजले होते. स्कूटर बाहेर उभी होती. जायला तास, यायला तास, शोधायला अर्धा तास. अडीचपर्यंत तो माणूस दवाखान्यात असता. हे गणित मी आता मांडत नाहीये. मला ते तिथेच, तुझ्यासमोर उभं असताना येत होतं. फक्त त्यासाठी मला एक वाक्य बोलावं लागलं असतं: माझ्याकडे नंबर नाही. तुझे साडू, माझ्या ऑफिसातले चौघे, सगळे माझ्या हातातल्या यंत्राकडे बघत होते. मी म्हणालो, आहे एक शिंगणापूरला, लावतो फोन, आणि समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरलो.

सुरुवातीला खरोखर नंबर फिरवले. जे आकडे अंधुक आठवत होते ते उलटेसुलटे करून. एक पिठाची गिरणी लागली, एक कुणाचं तरी घर. त्यांना शिंगणापूर का, असं विचारलं तर राँग नंबर म्हणून ठेवून दिलं. साडेबारानंतर मी काहीच फिरवलं नाही. रिसीव्हर कानाला लावून काचेच्या आत उभा होतो. दर पंधरा मिनिटांनी वाटायचं, आता निघावं. मग वाटायचं, आता निघालो तर विचारतील, आधीच का नाही गेलास. पंधरा मिनिटांपूर्वी निघणं जेवढं अवघड होतं त्यापेक्षा आता जास्त अवघड व्हायचं. अशी पंधरा-पंधरा मिनिटं मी किती घालवली असतील, तूच मोज.

एकदा स्नेहल आली. बूथचं दार ढकलून तिने विचारलं, "काका, लागला का?"

मी म्हणालो, "रिंग जातीये, बाळा. उचलत नाहीत."

ती तिथेच उभी राहिली. माझ्या कानाकडे बघत, जणू तिच्या बघण्याने पलीकडचं कुणीतरी उचलेल. लाइन मुकी होती, साधा भोंगासुद्धा वाजत नव्हता. मी तिच्यासमोर मिनिटभर तसाच ऐकत उभा राहिलो.

वहिनी पावणेपाचला गेल्या. पुण्याची गाडी सहाला आली.

डॉक्टर तुला म्हणाले होते, रक्त मिळालं असतं तरी खात्री नव्हती. त्या वाक्याला मी वर्षभर लोंबकळतोय. ते खरं असेलही. पण ते तुझ्यासाठी बोललेलं वाक्य होतं, मी ते चोरून वापरलं. आणि दहाव्याला स्नेहल मला काय म्हणाली ऐक. म्हणाली, त्या शिंगणापूरच्या माणसाला दोष देऊ नका काका, बिचारा बाहेर गेला असेल. मी मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी मी शिंगणापूरला गेलो. जायला तासच लागला. रस्त्यावरच्या तिसऱ्या दुकानात तो बसला होता. गोरक्ष. विचारावंही लागलं नाही, मला बघून तोच हसला, शिबिरात हसला होता तसा. मी विचारलं, चार तारखेला, मंगळवारी, तुम्ही कुठे होता.

"मी काय कुटं जातोय, सायेब. मंगळवारी गिऱ्हाईक बी नसतं. सकाळपास्नं हितंच माळा गुतत हुतो. का, कुनाला रगत लागलं हुतं व्हय?"

मी म्हणालो, "लागलं होतं. भागलं."

"मंग बरं झालं," तो म्हणाला, आणि मला चहा पाजला.

आप्पा, लोकांच्या ढोंगावर वीस वर्षं लिहिलेला माणूस मी. कुणाचं धोतर कुठे अडकेल ते मला लांबून दिसतं. पण माझ्यावर कुणी हसेल, एवढ्या भीतीपायी मी तुझी बायको जाऊ दिली. दुसरं काही कारण नाही. मी रात्रंदिवस शोधलं, यापेक्षा मोठं, जरा बरं दिसेल असं कारण सापडतं का. सापडलं नाही. वैर असतं, मत्सर असता, तर निदान मला तुच्छ मानायला तुझ्या हाताला काहीतरी लागलं असतं. हे इतकं बारकं आहे की त्याचा राग कसा करतात तेही कळत नाही.

आता गावात एका कंत्राटदाराने मोबाईल फोन घेतलाय. त्यातच म्हणे शंभर नंबर राहतात. परवा मला म्हणाला, तुमची यादी द्या, भरून ठेवतो. मी पुन्हा वहीत उतरवतोय, शाईने. सत्याऐंशी नावं झाली. हे माझ्या बाजूने लिहीत नाहीये. वही झाली की मी ती रक्तपेढीला देणार आहे. ती माझ्याकडे असू नये.

डायरी तू दिलीस म्हणून हे तुझ्यावर ढकलतोय, असं क्षणभरही समजू नकोस. पुस्तिकाही तूच दिली होतीस. वाचली मी नाही.

स्नेहलला हे कळायला हवं. मी समोर येऊन सांगायला पाहिजे, पण तिच्यासमोर मी पुन्हा खोटं बोलेन, मला माझी खात्री नाही. तिला हे पत्र वाचायला दे, किंवा देऊ नकोस. गोरक्षला मी मात्र काल कार्ड टाकलंय. भागलं नव्हतं, एवढं त्याला लिहिलं. शिबिराचंही कळवलंय. तो आला तर त्याला ओळखशील, ठेंगणा आहे. शाल द्यायचीच असेल तर त्याला दे.

मी व्यासपीठावर येणार नाही. त्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने येईन आणि रक्त देणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहीन. माझं बी पॉझिटिव्ह, त्या दिवशी वहिनींच्या कामाचं नव्हतं. तू जवळ येऊन नुसतं जा म्हणालास तरी मी जाईन, आणि काही म्हणाला नाहीस तर रांग पुढे सरकेल तसा सरकेन.

हे पाकीट फोडेपर्यंत तुझा मित्र असलेला,

महेंद्र