जुईचा वेगळा डबा

१३ जाने.
पुन्हा अंगावर गांधी. जुई शाळेतून आली तीच खाजवत. पाठ, मांड्या, लालबुंद. त्वचेचे डॉ. म्हणाले, महिनाभर रंग घातलेलं, पाकिटातलं सगळं बंद करून बघा. त्यानंच होतंय अशी खात्री नाही, पण बघा.
बघते म्हणजे काय, करूनच दाखवते. क्लासमध्ये दहावीच्या पोरांना रसायनं शिकवते मी, घरातली चार ओळखू येणार नाहीत? आल्या आल्या फडताळ रिकामं. सॉस, जेली, क्रीमची बिस्किटं, नूडल्स, सगळं पिशवीत. संजय शेंद्र्याच्या कंपनीतून ड्यूटी संपवून आला, फडताळ उघडून उभाच.
"आता चहासोबत काय?"
म्हटलं, चहा.

१४ जाने. संक्रांत
तीळगूळ घरचा. पण गल्लीभर रंगीत हलवा. जुई चार घरं फिरून आली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. एक दाणा खाल्ला नव्हता. तळहात मात्र गुलाबी. शहाणी गं बाई.
हात धुतला तरी रंग जाईना. तेव्हा जो राग आला... कुणावर, ते कळेना.

१९ जाने.
औरंगपुऱ्याच्या बाजारात दुपार गेली. पाकिटामागची अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलवर फोटो काढायचा, मोठा करायचा, वाचायचं, परत ठेवायचं. दुकानदार म्हणाला, "ताई, बिस्किट घेताय का औषध?" सुट्या शेवेत रंग आहे का विचारलं तर, "बेसन हाय, पिवळंच असणार!" मागची बाई हसली. हसू दे. शेव घेतली नाही. बेसन घेतलं.
पाय दुखतायत. एका साध्या टोस्टला एवढं वाचायला लागावं?

२५ जाने.
गांधी नाही! इतके दिवस एकही नाही. टोमॅटो आटवून सॉस केला. संजय म्हणतो, "चटणी लई भारी झाली. सॉस कुठंय?" जुईनं मात्र चाटूनपुसून खाल्ला.
जमतंय. जमणारच होतं.

१ फेब्रु.
शेजारच्या आयेशाचा वाढदिवस. जुई आणि ती बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. दोघी दुसरीत, एकाच बाकावर. केक गुलाबी असणार, सरबत लाल, म्हणून जुईबरोबर डबा दिला. घरची शेव, रव्याचा लाडू, पुऱ्या. छान भरला होता.
डबा तसाच परत आला. म्हणते, भूक नव्हती.
"आयेशाची अम्मी काय म्हणाली?"
"बेटा, तेरा तू खा, म्हणाली. मग आत गेली."
मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "आई, पुढच्या वेळी डबा नको. खाज चालंल मला."
डबा उघडून शेव परत बरणीत ओतली.
दर वाढदिवसाला आयेशाच्या अम्मीचा, नसरीनभाभींचा जर्दा येतो आमच्याकडं, तो पिवळाधमक गोड भात. आज ताट आलं नाही. संजयला म्हटलं, विसरल्या असतील. तो म्हणाला, "अगं, त्यांच्या घरी जेवायला जाताना आपण पोरीला डबा दिला. त्यांना काय वाटलं असंल?"
मला हे सुचलंच नव्हतं. रंग, रंग, रंग. बाकी काही दिसतच नव्हतं.

२ फेब्रु.
सकाळीच गेले. भाभी लसूण सोलत बसलेल्या. बसा म्हणाल्या, चहाचं विचारलं नाही.
सगळं सांगितलं. मोबाइलवर जुईच्या पाठीचा फोटो दाखवला. बघत राहिल्या.
"इतना हुआ बच्ची को? और मैं समझी, अब तुम लोग भी..."
लसणाची पुढची पाकळी उचलली. दोघींना कळलं.
"भाभी, तसं कसं वाटलं तुम्हाला?"
"क्यूँ नहीं लगता? डब्बा भेजा, बात नहीं भेजी."
खरंय. एक फोन केला असता. मला वाटलं, मी बरोबर आहे, म्हणजे झालं.
निघताना म्हणाल्या, "रंग डालती हूँ मैं, झूठ नहीं बोलूँगी. उसके लिए नहीं डालूँगी. इतवार को भेजो. खाली हाथ."
चहा मग झालाच.

८ फेब्रु. रविवार
पाठवली, रिकाम्या हातानं. दारातूनच परत बोलावणार होते, संजयनं नुसतं बघितलं. दार लोटलं.
दुपारी जुई आली ती ओठाला तूप, बोटं चिकट. मागून आयेशा आमचं ताट घेऊन. जर्दा, बदाम-काजू लावून. पिवळा होता. नेहमीएवढा धमक नाही, पण पिवळा.
"अम्मीने केसर डाला," आयेशा. विचारलंही नव्हतं मी.
केशरानं एवढा येतो रंग? येतही असेल, जास्त घातलं तर. वर्गात असते तर ॲसिडचा थेंब टाकून खोटा रंग ओळखून दाखवला असता पोरांना. ताटातला एक घास तोंडात घेतला. केशर होतं. नुसतं केशरच का, ते जिभेला काय कळणार?
संजयनं ताट संपवलं.

९ फेब्रु.
शाळेआधी दोघी ओट्यावर. आयेशा जुईचा शर्ट मागून वर करून पाठ तपासत होती, अगदी डॉक्टरसारखी.
"आंटी, एक है. छोटासा."
"डास चावला मला," जुई घाईघाईनं.
"हाँ, मच्छर ही है," आयेशाही लगेच.
चष्मा लावून वाकले. खांद्याखाली एक लाल ठिपका, मसुरीएवढा. डासाचा असेल. नसेलही. पंधरा वर्षं रसायनं शिकवतेय, सांगता आलं नाही.
कुंपणापलीकडून भाभी बघत होत्या. "क्या हुआ?"
"कुछ नहीं भाभी. मच्छर."
शर्ट खाली ओढला. रिक्षा आली होती.