चाळिसाव्यापर्यंत

पादोवा, इटली, १४ नोव्हेंबर

प्रिय आग्लाया ताई,

घरी सगळे बरे असाल. मीही बरी आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र गावाकडे माणसं-सामान नेणाऱ्या पेत्रूच्या गाडीने पाठवतेय. सोबत कॉफी, तेल आणि तुझ्या गुडघ्यांचं मलम आहे. मलम जपून ठेवू नकोस, लाव.

इथे धुकं पडलंय. माझ्या सिन्योरा इनेस एक्क्याण्णव वर्षांच्या झाल्या, जीभ अजून तिखट. परवा सूप भरवत होते तर म्हणाल्या, "व्हियोरिका, तुला हाकललं तर मी मरेन. मी मेले तर तुझी नोकरी जाईल. म्हणजे दोघींची सोय झाली!" मला हसू आलं नाही. हल्ली येतच नाही. रडूही येत नाही.

हाकलण्याचं असं, की इटलीत कायम राहण्याचा माझा अर्ज सरकारने नाकारला. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहायचं नसतं. आईच्या आजारपणात मी सहा महिने अकरा दिवस गावी राहिले. चौदा वर्षं इथल्या म्हाताऱ्यांची उस्तवार केली, आणि नडले ते अकरा दिवस. अपील केलंय.

वकीलबाई भल्या आहेत. कागद चाळून म्हणाल्या, "दवाखान्याचे कागद ठीक आहेत. पण आई गेल्यावर महिनाभर तुम्ही तिथे काय करत होतात?"

"चाळिसावा व्हायचा होता."

"म्हणजे?"

म्हणजे काय सांगू? चाळीस दिवस जीव घराभोवती घुटमळतो, मेणबत्ती विझू द्यायची नसते, चाळिसाव्याला पाव वाटल्याशिवाय लेकीने निघायचं नसतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "हे तुमच्या बहिणीने केलं नसतं?"

केलं असतं. तूच म्हणालीस ना कबरीपाशी, सगळ्या बायकांसमोर, "जा, जा! तुझी इटली खोळंबलीय. आईला नऊ वर्षं मी उचललं, हे चाळीस दिवस काय जड आहेत मला?"

आई गेल्यावर नवव्या दिवशी इकडे येणाऱ्या गाडीत मी जागा सांगून ठेवली होती, ताई. ती रद्द केली. सहा महिन्यांतले किती दिवस उरलेत ते मला ठाऊक होतं, बोटांवर मोजलेले होते. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, पळायला निमित्त शोधतेय. आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं.

वकीलबाईंनी तुझ्या सहीसाठी एक कागद केला होता. त्यात एकच ओळ महत्त्वाची: आईचं करायला व्हियोरिकाशिवाय घरात दुसरं कुणीही नव्हतं. ती असली तर अपील टिकेल म्हणे. तीन आठवडे तो कागद माझ्या उशाखाली होता. तू शिव्या घालत का होईना, सही केली असतीस. म्हणूनच पाठवला नाही.

काल मी माझंच निवेदन दिलं. लिहिलं की माझी मोठी बहीण घरात होती. नऊ वर्षं आईला तिनेच न्हाऊ घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं. मी शेवटी आले. चाळीस दिवस थांबले, कारण त्याआधी कधी थांबलेच नव्हते.

वकीलबाई म्हणाल्या, "हे दिलं तर बहुतेक हराल."

"द्या," म्हटलं. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

निकाल फेब्रुवारीत आहे. हरले तर पेत्रूच्याच गाडीने येईन. आईची खाट मोडली नसशील तर राहू दे.

निवेदनाची प्रत मलमाच्या डब्याखाली आहे. कोर्टाचा शिक्का आहे तिच्यावर. इटालियनमध्ये आहे, पाद्रीबाबांच्या बायकोला ते येतं, तेव्हा तिच्याकडून वाचून घे. रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळ्या बायका अंगणात उभ्या असतात, तेव्हा तिला दे. मोठ्याने वाच म्हणावं.

तुझ्यानंतर आलेली,
व्हियोरिका